माया गुणांक

‘खासगी’ की ‘सार्वजनिक’, असं फोननं विचारलं तेव्हा जयसिंगमामांनी क्षणाचाही विचार केला नाही. ‘सार्वजनिक’वर बोट टेकवलं आणि समाधानानं चष्मा काढून ठेवला. मामा म्हणजे कोल्हापूरच्या चिंचतळ तालीम मंडळाचे कितीतरी वर्षांचे खजिनदार. त्यांच्या लेखी गणपती सार्वजनिक, वाचनालय सार्वजनिक, पाण्याची टाकी सार्वजनिक. चांगलं ते सगळं सार्वजनिकच. खासगी म्हणजे दार लावून एकट्यानं खायचं काहीतरी. आपल्या माणसांची लीग खासगी ठेवायला आपण काय चोर आहोत?

चहाचे कप उचलायला आलेल्या त्यांच्या सुनेनं, समिधानं, ते बोट कुठं पडलं ते पाहिलं. सार्वजनिक म्हणजे देशातला कुणीही अनोळखी माणूस पैसे भरून आत येऊ शकतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बाहेरच्या खोलीत, सोप्यात बसलेल्या मंडळींपैकी कुणी तिला आजवर फुटबॉलबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि न विचारता शहाणपण शिकवायची तिला हौस नव्हती. ती कप घेऊन आत गेली.

लीग म्हणजे फोनवरचा खेळ. शहरातल्या तालमींचे खरे फुटबॉल सामने खेळणाऱ्या खेळाडूंतून प्रत्येकानं आपापला मनातला संघ निवडायचा. त्यातल्या कुणी मैदानावर गोल केला, पास दिला, चेंडू अडवला की त्याचे गुण आपल्या खात्यात. मोसम संपताना ज्याचे गुण जास्त तो पहिला. पैसे लावून खेळायच्या या खेळावर मध्ये बंदी आली, मग परवाने निघाले, आणि परवान्यांपाठोपाठ गल्लोगल्ली हजारो लीग निघाल्या. कुठं प्रवेश फी चहाच्या कपाएवढी, कुठं महिन्याच्या पगाराएवढी. कुठं बक्षीस वरच्या दहा जणांत वाटलं जाई, कुठं पहिल्यालाच सगळं. चिंचतळच्या लीगचं नाव ‘रस्सा मंडळ’. फी पाचशे, आणि जमेल ते सगळं पहिल्याला.

पहिला कोण येतो याची तिथं कुणाला फारशी पडलेली नसायची. बहुतेकांच्या संघात निम्म्याहून अधिक पोरं चिंचतळचीच. समोरच्या पेठेचा गोलकीपर कितीही भारी असला तरी त्याला आपल्या संघात घेणं म्हणजे आपल्या ताटात शेजाऱ्याची भाजी वाढून घेणं. समिधाला हे सगळं पाहून हसू यायचं आणि रागही. ती गडहिंग्लजची. तिच्या माहेरीही फुटबॉलचं वेड, आणि तिला खेळ कळायचा. नवरा विक्रांत बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. तो घरी असतानाही ऑफसाइड कशाला म्हणतात ते तिलाच विचारायचा. पण रस्सा मंडळात बायका नव्हत्या. का नव्हत्या, असं विचारलं असतं तर कुणाला उत्तरही देता आलं नसतं.

*

समिधा उजळाईवाडीच्या एका कंपनीत गणिताचं काम करायची. एव्हाना स्टेडियमच्या चारी बाजूंना स्वस्त कॅमेरे आले होते. ते नुसता खेळ टिपत नसत. खेळाडूचा गुडघा किती वाकतो, धावताना टाच कधी उचलली जाते, दुसऱ्या हाफमध्ये पाऊल किती आखूड पडतं, सगळं मोजत. त्यावरून पुढच्या सामन्यात कोण पळणार आणि कोण दमणार याचा अंदाज निघे, आणि तो बऱ्यापैकी खरा ठरे.

गंमत अशी झाली, की हे अंदाज सगळ्यांच्याच हातात आले. एकच उत्तरपत्रिका साऱ्या वर्गाला वाटावी, तसं. जाणत्यांचे संघ हुबेहूब सारखे दिसू लागले, गुण सारखे, बक्षीस वाटून घ्यायची पाळी. तेव्हा समिधाचे वरिष्ठ निमकर एका बैठकीत म्हणाले, “संघ निवडून आता काही मिळत नाही. लीग निवडायची. आपल्याला लोकांना लीग निवडून द्यायची.”

त्यातून ‘चाळण’ तयार झाली. ती प्रत्येक लीगकडे तीन बाजूंनी बघायची. फी किती? बक्षीस वाटायची रीत कशी? आणि आत बसलेली माणसं कोण? पहिल्या दोन गोष्टी कुणीही वाचू शकतो. खरी मेख तिसरीत होती. माणूस आकड्यांनी सांगितलेला खेळाडू सोडून मनातला खेळाडू किती वेळा घेतो, हे त्याच्या जुन्या संघांवरून मोजता येतं. त्या मापाला नाव काय द्यावं यावर चर्चा चालली असताना समिधाच म्हणाली, “माया.” सगळ्यांना ते पटलं. माया शून्य म्हणजे यंत्र, माया एक म्हणजे आंधळं प्रेम. जिथं माया जास्त तिथं माया जमवा, असा विनोद कंपनीत फिरू लागला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तीही हसली होती.

चाचणीसाठी तिनं चाळणीला सगळा देश दिला. बँकेतल्या कारकुनांच्या लीग, साडूसाडूंच्या लीग, कॉलेज सोडून वीस वर्षं झालेल्या मित्रांच्या लीग. पैसे लावणाऱ्याला सर्वांत फायदेशीर कोणती? उत्तर आलं तेव्हा तिनं पडदा दोनदा पुसला. यादीच्या डोक्यावर ‘चिंचतळ रस्सा मंडळ’ होतं. माया गुणांक ०.९३. सगळ्या देशात एवढी भाबडी माणसं दुसरीकडे नव्हती.

चाळणीचा हिशोब सोपा होता. तिथले सगळे जण एकाच फांदीवर बसलेले. चिंचतळ जिंकली तर सगळे एकदम वर, हरली तर सगळे एकदम खाली. अशा लीगमध्ये पन्नास जणांना हरवायचं नसतं. एकालाच हरवायचं असतं, चिंचतळला. उलट बाजूचे खेळाडू घेऊन बसायचं आणि फांदी मोडायची वाट बघायची. पहिल्यालाच सगळं मिळणार असल्यामुळं ही वाट बघणं परवडतं.

समिधानं पाचशे रुपये भरले. नाव घेतलं उदय पन्हाळकर. चाचणी आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण चाचणीला पैसे भरावे लागत नाहीत हे तिला माहीत होतं. खरं म्हणजे तिला जिंकायचं होतं. ज्या सोप्यात आपण कप उचलतो, तिथल्या सगळ्यांना एकदा गप्प करायचं होतं. पैशांचा मोहही नव्हता असं नाही.

*

मोसमाच्या शेवटच्या सामन्यात चिंचतळची गाठ उत्तरवेसशी पडली. चिंचतळचा सूरज दमलाय, त्याची पावलं आखूड पडतायत, हे कॅमेरे कधीचे सांगत होते. कॅप्टनचे गुण दुप्पट धरतात, आणि रस्सा मंडळानं एकजात सूरजलाच कॅप्टन केलं. उदय पन्हाळकरांनी उत्तरवेसचे चार बचावपटू घेतले.

मामा स्टेडियमवरून परत आले ते दारातल्या पायरीवरच बसले. आवाज बसला होता. “तीन-शून्य, पोरी,” ते म्हणाले. “सूरज रडाय लागला मैदानात. लई कसंतरी झालं बग.” बोलता बोलता त्यांनाच रडू आलं. पंच्यानं डोळे पुसत ते म्हणाले, “च्या टाक जरा.”

समिधा स्वयंपाकघरात आली. ओट्यावर तिचा फोन उजळला: अभिनंदन, उदय! तुम्ही पहिले आलात. तिला क्षणभर खरोखर आनंद झाला. मग बाहेरून मामांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि तिला स्वतःची किळस आली. फोन तिनं पिठाच्या डब्यामागं ढकलला.

संध्याकाळी मात्र मामा टवटवीत झाले होते. सोप्यात बसून ते फोनमध्ये मोठ्यानं बोलून निरोप धाडत होते. “उदयराव, नमस्कार. मी जयसिंग इंगवले, चिंचतळ तालीम. अभिनंदन तुमचं! पैल्यांदाच आलासा आनि बाजी मारलासा. आता तारीख सांगा. मटन कुटलं घ्यायचं, आचारी कोन, ते आमी बगतो. तुमी फकस्त या.”

“कसली तारीख, मामा?” समिधानं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“रस्सा मंडळाची की. जो पैला येतो त्यानं त्या पैशातनं सगळ्यांस्नी जेवाण घालायचं. तांबडा, पांढरा, सुक्कं. आनि आपल्या हातानं वाढायचं.” मामा हसले. “तुला म्हाईत न्हाई व्हय? दर साली जातोय की आमी मळ्यात.”

तिला माहीत नव्हतं. जातात, जेवतात, हे माहीत होतं. पैसे कुठून येतात हे कधी विचारलं नव्हतं. चाळणीत बक्षिसाच्या रकान्यात ‘पहिल्याला शंभर टक्के’ एवढंच लिहिलेलं होतं. पहिला तो पैसा खात नाही, वाढतो, हे लिहायला रकानाच नव्हता. म्हणून तर तिथं कुणाला जिंकायची घाई नव्हती. मान तेवढा असायचा, आणि वाढताना बोटं भाजायची.

दुसऱ्या दिवशी तिनं उदयच्या नावानं निरोप लिहिला. मी परगावी असतो, यायला जमणार नाही, सगळी रक्कम परत पाठवतो, आपण जेवण करावं. पाठवून तिला हायसं वाटलं. पलीकडच्या खोलीतून मामांचं उत्तर फोनवर यायच्या आधी तिच्या कानावर आलं. “पैसे नगोत, उदयराव. पैशाचं काय हाय त्यात? तुमी या. जिकलेल्यानंच वाढायचं असतंय. तुमच्या सवडीनं करू, आमी थांबतो.”

ते थांबले. पंधरवडा गेला, महिना गेला. मंडळातला बबन मेत्री, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, सोप्यात येऊन म्हणू लागला, “मामा, तुमचा उदय गंडवून गेला. लीग उघडी टाकली कुनी? तुमीच की.” मामा त्याच्यावर खेकसायचे. “अडचण असंल पोराची. घरात आजारपन असंल. येक डाव पावना आला तर लगीच चोर व्हय रं?”

प्रत्येक वेळी समिधा आतल्या खोलीत उभी असायची. बाहेर जाऊन सांगावं असं तिला रोज वाटायचं, आणि रोज काहीतरी काम निघायचं. मामा एका नसलेल्या माणसाची बाजू घेत होते, आणि तो नसलेला माणूस त्यांच्याच घरात भाकरी थापत होता. तिला मामांच्या ताटात वाढताना मान वर करता येईना.

*

बबननं ॲपकडे तक्रार केली. एकाच माणसानं दोन नावांनी खेळू नये म्हणून ॲपवाले दोन खाती एकाच घरातल्या वायफायवरून चालतात का, ते तपासून देत. त्यांचं उत्तर रस्सा मंडळाच्या ग्रुपवर सर्वांसमोर आलं: ‘उदय पन्हाळकर हे खाते आणि लीगचालक जयसिंग इंगवले यांचे खाते एकाच घरातून वापरले गेले आहे.’

समिधानं ते ऑफिसात वाचलं. घरात माणसं तीन, त्यातला एक समुद्रावर. मामांना कळायला कितीसा वेळ लागणार? तिनं फोन केला, त्यांनी उचलला नाही. घरी आली तर सोपा रिकामा. शेजारीण म्हणाली, “तालमीत बोलिवलंय मामास्नी. समदी गेल्यात.”

चिंचतळ तालमीच्या माडीवर बाई सहसा चढत नाही. समिधा चढली. वरच्या पायरीवरच तिला मामांचा आवाज ऐकू आला, बसलेला पण स्पष्ट.

“व्हय. मीच केलंय. पैशाचा मोह झाला. आता काय म्हनायचं ते म्हना.”

मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव पोवार खाली बघत होते. बबनसुद्धा. आपण एवढं खरं ठरू असं त्याला वाटलं नसावं. मामा भिंतीला टेकून उभे होते, आणि याच भिंतीवर मंडळाच्या जमाखर्चाचे फलक लावलेले होते, सगळे त्यांच्या अक्षरात.

“उदय पन्हाळकर मी आहे,” समिधा दारातून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मामांनी डोळे मिटून घेतले.

“वैनी, तुमी घरी जावा,” सर्जेराव हलक्या आवाजात म्हणाले. “मामांनी कबूल केलंय.”

“त्यांनी काही केलेलं नाही. हे बघा खातं. माझ्या फोनमध्ये आहे.” तिनं फोन पुढं धरला.

बबननं वाकून पाहिलं. “म्हंजे सुनेच्या फोनवरनं खेळल्यात मामा.”

“नाही हो! मी खेळले. माझ्या कंपनीत आम्ही असं यंत्र केलंय. कुठल्या लीगमधली माणसं मनानं खेळतात, ते कळतं त्याच्यातून. तुमचा आकडा देशात सगळ्यांत वर आला. तुम्ही सगळ्यांनी सूरजला कॅप्टन केलंत, मी उत्तरवेसचे बचावपटू घेतले. चिंचतळ हरली म्हणून मी जिंकले. हरावी म्हणूनच मी बसले होते.”

हे शेवटचं वाक्य बोलताना तिला वाटलं, आता कुणीतरी हात उगारेल. कुणी उगारला तर बरं होईल. पण सर्जेरावांचे डोळे पाणावले होते.

“ऐकलासा?” ते बाकीच्यांना म्हणाले. “कसं समदं पाट करून आलीय सासऱ्यासाटी. बचावपटू म्हनं. कुटनं शिकली असंल बिचारी.”

“मी गडहिंग्लजची आहे, मला खेळ कळतो!” ती ओरडली. “पैसे माझ्या खात्यात आहेत. हे बघा, आत्ता पाठवते.” तिनं सगळी रक्कम मंडळाच्या खात्यात पाठवली. मामांच्या खिशातला फोन टिणकन वाजला.

“स्वतःच्या पगारातनं भराल्यात,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

तिला रडू फुटलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. रडणाऱ्या सुनेला कोण लबाड म्हणेल? जेवढं खरं ती सांगत होती तेवढी ती त्यांच्या नजरेत चांगली ठरत चालली होती. माया मोजायचं यंत्र तिनं केलं होतं, आणि आता ती सगळी माया तिच्यावर ओतली जात होती, एक थेंबही हक्काचा नसताना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मामा,” ती त्यांच्याकडे वळली. “तुम्ही तरी सांगा ना. तुम्हाला माहीत आहे.”

मामांनी डोळे उघडले. त्यांना माहीत होतं. ते तिच्याकडे बघत राहिले. रागानं नाही, नवख्या माणसाकडे बघावं तसं. “बास झालं, पोरी,” ते म्हणाले. “जिकायचंच हुतं तर मला सांगायचं हुतंस. घेतलं असतं की तुला मंडळात.” हे एवढ्या हळू म्हणाले, की तिच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

सर्जेरावांनी घसा खाकरला. “मामांचं काय करायचं, ते बगू निवांत. वय झालंय, मानूस चुकतंय. पर मंडळाच्या पैशाच्या कपाटाची किल्ली आता त्यांच्याकडं नगो.” ते थांबले, आणि त्यांना स्वतःलाच सुचलेल्या गोष्टीचं कौतुक वाटलं. “मी म्हंतो, वैनींच्याकडं द्या. लीग बी त्याच चालवतील. घर तेच ऱ्हाऊ दे, हात तेवढा सच्चा हवा.”

“द्या, द्या,” चारी बाजूंनी आवाज आले. बबननं तर हात जोडले. “वैनी, माझं काय चुकलं असंल तर पोटात घाला.”

मामांनी बंडीच्या आतल्या खिशातून किल्ली काढली. वर्षानुवर्षं छातीशी राहून तिचा रंग गेला होता. त्यांनी ती समिधापुढं धरली.

“नको, मामा,” ती कुजबुजली.

“घे,” ते तसेच हळू म्हणाले. “आता नगो म्हनालीस तर ह्यास्नी तुझं खरं वाटंल.”

म्हणजे वाट होती. एवढा वेळ कुणी विश्वास ठेवत नव्हतं, आता ठेवतील. फक्त नको म्हणायचं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मामा मान वर करून जिना उतरतील आणि तिला उद्यापासून या पेठेत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते. असं या माणसांनी तिच्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

समिधानं हात पुढं केला. किल्ली गरम होती.

टाळ्या वाजल्या. पहिली मामांनी वाजवली.